नळी हलवू नका

गोठ्यात तिने पहिल्यांदा पाय ठेवला काय आणि घसरून थेट त्याच्या अंगावर आदळली काय! "सांभाळून, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "कालवड बिचकेल." स्वतः मात्र कालवडीपेक्षा जास्त बिचकला होता.

ती गुरांची डॉक्टर. पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या कालवडीची कास कशी वाढते, यावर तिचं संशोधन चाललेलं. दर आठवड्याला येऊन ती रक्त घ्यायची आणि हा गोठेवाला ती नळी गाडीपर्यंत पोचवायचा.

"एवढ्याशा रक्तात बघता तरी काय?"

"दोन हार्मोन्स. एकामुळे कासेत दुधाच्या वाटा फुटतात. दुसऱ्यामुळे त्या वाटांच्या टोकाला दूध करणाऱ्या पेशींचे घोस लागतात."

"आणि दुसरं आलंच नाही तर?"

"मग नुसत्या वाटा. दूध कुठलं?"

"अरेरे... म्हणजे पहिल्याने बिचाऱ्याने वाटच बघत बसायची!"

तिने हसू दाबलं, पण कान लाल झालेच.

पुढे मात्र इथलेच नमुने बिघडू लागले. रक्तपेशी फुटून सगळं वाया! शेवटी तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर कडाडले, "आज नमुना बिघडला तर तो गोठा आपण सोडला." त्या दिवशी नळी त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "जपून हं... आज खराब झाली तर माझं इथे येणं बंद."

तो पांढराफटक पडला. "बंद? खराब झाली की पुन्हा यावं लागतं ना?"

"नाही हो! सर हा गोठाच सोडणार आहेत."

"मेलो!" त्याने नळी छातीशी धरली. "मीच हलवायचो... गाडीपर्यंत, जोरजोरात. तुम्हीच म्हणाला होतात, नळी हलवली की रक्त फुटतं, मग पुन्हा घ्यावं लागतं. म्हटलं, तेवढंच आणखी एकदा याल..."

"अक्कल गहाण टाकली होती का? बोलणी मी खाल्ली!"

"चुकलो. सरांना मीच येऊन सांगतो."

"काही नको! मी सांगून बसलेय, चूक माझीच. त्या गोठ्यात गेलं की माझा हात थरथरतो म्हणून..."

बोलून गेली आणि जीभ चावली.

"थरथरतो? कालवडीची भीती वाटते?"

"गुरांची डॉक्टर आहे मी!"

"मग—?"

तिने उगाचच बॅग आवरायला घेतली. तो जवळ आला, नळी अलगद तिच्या तळहातावर ठेवू लागला. दोघांचीही बोटं थरथरत होती.

"अरे, घट्ट धर ना," ती पुटपुटली. "नळी नाही रे, वेड्या... हात."