बॅग कुणी भरली?

आधी मुंग्या दिसल्या, मग तो.

दुकानाच्या पायरीवरून मुंग्यांची रांग सरळ आत येत होती, आणि रांगेच्या पुढच्या टोकाला एक निळी बॅग होती. बॅगेचं हँडल धरून एक उंच, अवघडलेला तरुण उभा होता. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, त्याच्या केसांवर थेंब साचले होते, आणि दुकानभर मधाचा दाट, किंचित आंबूस वास पसरला होता.

"दुरुस्त होईल का?" त्याने विचारलं.

"बॅग की तुम्ही?" ती म्हणाली.

गल्लीत तिला सगळे सुई म्हणत. अंगाने बारीक, कामात सरळ आणि बोलली की टोचणारी. बॅगांच्या दुरुस्तीचं हे छोटंसं दुकान ती एकटी चालवायची. तुटलेली चाकं, अडकलेल्या चेनी, उसवलेली अस्तरं… हात लावला की बॅग बोलू लागते, असं लोक म्हणत. माणसांशी मात्र तिचं सूत तितकंसं जुळत नसे.

तिने बॅग उघडली. आत काचांचा चुरा, चार चिकट शर्ट आणि तपकिरी डागांनी माखलेलं अस्तर.

"दारू?" तिची भुवई वर गेली.

"मधाची वाईन," तो घाईघाईने म्हणाला. "मी मधमाश्या पाळतो. वाईनही मीच करतो. विमानाने चाखायला पाठवायच्या… म्हणजे मीच घेऊन गेलो होतो. तीन बाटल्या. हातातल्या पिशवीत चालत नाहीत, म्हणून बॅगेत टाकल्या. उतरलो तेव्हा पट्ट्यावर बॅग आली, आणि तिच्या मागच्या सगळ्या बॅगा चिकट आल्या."

"कशात गुंडाळल्या होत्या?"

"एकेका शर्टात."

"आणि बाटलीला बाटली लावून ठेवल्या."

"…हो."

सुईने कपाळावर हात मारला. "अहो मधवाले, मधमाशीसुद्धा प्रत्येकीला वेगळी खोली देते!"

तो हसला. असा हसला, की चेष्टा आपली झाली आहे याचं त्याला काहीच वाटलं नाही. सुई उगाचच चेन तपासू लागली.

दीड महिन्याने दूरच्या एका देशात मोठी स्पर्धा होती. त्याला सहा बाटल्या न्यायच्या होत्या. त्या खेपेच्या तेवढ्याच उरल्या होत्या. पुन्हा तशी वाईन करायची तर पुढचा फुलोरा, आणि मग मुरायला वर्ष.

"दारू चालते का पण विमानात?" तिने विचारलं.

"खाली सामानात चालते. माझी तेरा टक्क्यांची आहे, तिला अडवत नाहीत. फार कडक असली तर मर्यादा, आणि त्याहून कडक असली तर मनाई. सील हवं, लेबल हवं. ते सगळं आहे. फक्त…"

"फक्त पोचायला हवी."

"हो."

मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि सुईचे बाबा बाहेर आले. एकतीस वर्षं त्यांनी विमानतळावर सामान चढवलं-उतरवलं होतं. आता गुडघे गेले होते, पण खांदे तसेच होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे पडली. चाकांवर कधीच पडत नाही, कोपऱ्यावर पडते."

"मी वर 'नाजूक' असं चिकटवलं होतं, काका."

"आम्ही वाचायचो ना," बाबा गंभीरपणे म्हणाले. "वाचायचो, आणि मग टाकायचो."

---

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मधवाला यायला लागला.

सुईने बॅगेच्या आत सहा कप्पे शिवायला घेतले. जाड स्पंज, वर मेणकापड, प्रत्येक बाटलीला स्वतंत्र पिशवी. म्हणजे एक फुटलीच तर बाकीच्यांना न्हाऊ घालायला नको. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून, बूच मारून ते बॅगेत ठेवायचे. मग बाबा दुकानावरच्या जिन्याच्या वळणावर उभे राहायचे, बॅग खांद्यावर घ्यायचे आणि एकतीस वर्षांचा सगळा सराव पणाला लावून ती खाली भिरकावायचे.

पहिल्या रविवारी दोन फुटल्या.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकांनी दार उघडलं. "काय पडलं हो?"

बाबांनी जिन्यात खाली बसलेल्या दोघांकडे पाहिलं. सुई ओलं अस्तर पिळत होती, आणि मधवाला तिच्या बोटाला काच लागू नये म्हणून तिच्याआधी एकेक तुकडा उचलत होता.

"अजून काही नाही, बाई," बाबा म्हणाले. "पण पडेलसं दिसतंय."

सुईचे कान लाल झाले. "बाबा, तुम्ही वर जा!"

दुसऱ्या रविवारी तो आला तो एक डोळा सुजवून.

"कुणी मारलं?"

"माझ्याच पोरींनी."

"किती आहेत घरी पोरी?"

"एका पेटीत चाळीस हजारांच्या आसपास."

"आणि एकीलाही सांभाळता येत नाही?" ती म्हणाली. पण आतून थंड पाण्याची घडी आणून तिनेच त्याच्या डोळ्यावर ठेवली. तो स्टुलावर मान वर करून बसला होता. उघड्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता.

"तो पण मीट," ती म्हणाली.

'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. त्या दिवशी एकच बाटली फुटली. ती मानेपाशी तडकली होती. सुईने माना धरायला स्पंजची गोल चकती कापली.

तिसऱ्या रविवारी बाबांनी बॅग तीनदा फेकली. एकदा कोपऱ्यावर, एकदा पाठीवर, आणि एकदा, "ही संपाच्या आदल्या दिवसाची," असं म्हणून वळणापासून थेट खालपर्यंत. सुईने चेन उघडली. सहाही बाटल्या कोरड्या ठणठणीत!

ती टाळ्या पिटत उठली. मधवाला मात्र पायरीवर तसाच बसून राहिला.

"काय रे? तोंड का उतरलं?"

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो बाटलीवरचं बूच चाचपत म्हणाला. "तिथे परीक्षक आहेत ना, त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा वाईनचा मोठा कारखाना आहे. त्याला हाताखाली माणूस हवाय. ज्याची वाईन आवडेल, त्याला तो ठेवून घेणार. दोन वर्षं. असं शिकायला मला दुसरीकडे कुठे मिळणार नाही."

सुईने उघडलेली चेन परत लावली.

"म्हणजे बॅग नीट पोचली," सुई सावकाश म्हणाली, "तर तू राहणार तिकडे."

"आवडली तर."

"आवडेल," ती म्हणाली आणि कोरडी बॅग उगाचच झाडू लागली.

---

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने खऱ्या बाटल्या आणल्या. एक बाटली त्याच्या हातून निसटता निसटता वाचली, म्हणून बॅग तिनेच भरायला घेतली. तो गावातली उरलेली कामं उरकायला गेला.

सुई एकटीच होती. एक टाका सैल सोडला असता तर? एक चकती काढून ठेवली असती तर? कुणाला कळलं असतं… तिने सुईत दोरा ओवला आणि प्रत्येक कप्प्याला दुहेरी टाका घातला.

सहाव्या बाटलीच्या कप्प्यात थोडी पोकळी राहत होती. दुकानात कापडाचे ढीग होते. तरी तिने अंगातला करडा स्वेटर काढला, बाटलीभोवती घट्ट गुंडाळला आणि चेन लावली. तिकडे गेल्यावर उघडेल तेव्हा दिसेल त्याला. तेव्हा मी समोर नसेन, म्हणजे लाजायला नको.

दारात बाबा उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"घट्ट शिवलंस, पोरी."

"कामच आहे ते."

बाबांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "एकतीस वर्षं मी लोकांचं सामान चढवलं. उतरवलं पण मीच. जाणाऱ्यांइतकेच येणारे असतात. मी मोजलेले नाहीत, पण पाठ दोन्हीकडून सारखीच दुखायची."

---

सकाळी विमानतळावर सोडायला ती गेली. "टाके बघायला," असं तिने बाबांना सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं.

काउंटरवर चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी बॅग वजनाला लावली आणि कागदावरून नजर न उचलता विचारलं, "काचेचं, द्रव पदार्थ, काही?"

"सहा बाटल्या वाईन. तेरा टक्के. सीलबंद."

"बॅग स्वतः भरलीत?"

सगळे जण या प्रश्नाला डोळे मिटून 'हो' म्हणतात. मधवाल्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

बाईंची नजर वर आली. मागच्या रांगेने एकदम सुस्कारा सोडला.

"मग कुणी भरली?"

"हिने."

"या तुमच्या कोण?"

त्याने सुईकडे पाहिलं.

"…बॅगा दुरुस्त करतात," तो म्हणाला.

खरंच तर होतं. चूक काय होतं त्यात? पण सुईला बोटात काहीतरी खोल टोचावं तसं झालं. तिने तोंड फिरवलं.

"तुमच्यासमोर भरली नसेल तर उघडा," बाई म्हणाल्या. "सगळं बाहेर काढायचं, मला दाखवायचं, आणि तुमच्या हाताने परत भरायचं. यांनी हात लावायचा नाही."

"तोंडाने सांगितलं तर चालेल?" सुईने विचारलं.

"चालेल."

"ते तिला छान जमतं," मधवाला पुटपुटला.

आणि मग सुईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वेटर! आता, इथे, वीस माणसांसमोर! ताकाला जाऊन भांडं लपवलं, आणि भांडं नेमकं चारचौघांत खणकन वाजणार.

"पाच दाखवल्या तर पुरे नाही का?" ती घाईने म्हणाली.

"सहाच्या सहा," बाई म्हणाल्या.

एक, दोन, तीन… बाटल्या ओळीने काउंटरवर उभ्या राहिल्या. सहाव्या कप्प्यात हात घातला आणि तो थबकला. करडी बाही बाहेर आली. मग दुसरी.

"हा तुझा आहे."

"कापड कमी पडलं."

"दुकानभर कापड आहे तुझ्या."

"मग? मऊ नव्हतं ते."

"थंडी वाजली असेल तुला. काल… आणि आजही."

ती काउंटरवरच्या बाटल्या मोजू लागली. पाच बाटल्या आपापल्या कप्प्यांत घालून त्याने स्वेटर परत सहावीभोवती गुंडाळला. हळूहळू, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा.

"मान वर," ती कशीबशी म्हणाली. "चकती आधी… हां. आता चेन. ओढू नकोस, नुसती सरकव."

चेन लागली. तो काउंटरकडे वळला.

"बाई, मघाशी तुम्ही विचारलंत, या कोण. मी चुकीचं सांगितलं. दुरुस्ती करायची आहे."

"ते लिहून घ्यायचं नसतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढला. "पण सांगा."

"ही… म्हणजे हिची हरकत नसेल तर…" त्याने बॅगेचं हँडल घट्ट धरलं. "माझी व्हावी असं मला वाटतं. कायमची. मी हिला अजून विचारलेलं नाही. जिन्यात विचारणार होतो, पण काका दर वेळी बॅग फेकायचे."

रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी "अहो, विमान सुटेल!" म्हणालं, पण तेही प्रेमाने.

"तू दोन वर्षं जाणारेस," सुई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आणि हे आत्ता सांगतोस?"

"आत्ता कळलं. म्हणजे… कळलं आधीच होतं. धीर आत्ता आला."

"आधी जा. बाटल्या पोचल्या की फोन कर. माझं काम पुरं होऊ दे. मग उत्तर देईन."

"नाही म्हणशील?"

"गिऱ्हाइकाला मी घाईत उत्तर देत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरचा सुटलेला धागा तिने दोन बोटांनी अलगद तोडला. बॅग पट्ट्यावरून हलत, डुलत, पडद्याआड गेली.

---

पाचव्या दिवशी दुकानात गर्दी होती. काउंटरपलीकडे एक जाडजूड गृहस्थ लाल बॅग घेऊन हुज्जत घालत होते. फोन वाजला. सुईने तो खांद्याने कानाशी धरला. हातात चाक होतं.

"सहाच्या सहा," पलीकडून आवाज आला. "एकाही बुचाला ओल नाही!"

"स्पर्धेचं काय झालं?"

"नंबर नाही आला. म्हातारा म्हणाला, फार गोड. मग दुसरा पेला मागितला. मग तिसरा. मग म्हणाला, राहा दोन वर्षं."

सुईने चाक खाली ठेवलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

"मी एक हंगाम म्हणालो. आठ महिने. पहिल्यांदा तो चिडला. मी सांगितलं, तिकडे माझ्या पेट्या आहेत. आणि एका माणसाचं उत्तर यायचंय. मग तो म्हणाला, आठ महिने ठीक आहे, पण आधी फोन कर, मूर्खा. म्हणून… केला."

बाहेर ऊन पडलं होतं. समोरच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं. मागच्या खोलीतला बाबांचा खोकला एकाएकी बंद झाला, म्हणजे ते कान देऊन ऐकत होते.

"ऐकतेयस ना?" तो म्हणाला. "सुई? आठ महिने फार होतात का?"

"अहो बाई," जाडजूड गृहस्थ काउंटरवर बोटं वाजवत म्हणाले, "एक काय ते सांगा. होणार की नाही? उद्यापर्यंत?"

"हो!" सुई म्हणाली. इतक्या मोठ्याने, की ते पाऊलभर मागे सरले. "हो, हो, हो!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा खुर्ची. मग हसू.

"वा!" गृहस्थ खूश झाले. त्यांनी लाल बॅग काउंटरवर ठेवली आणि छत्री उचलली. "अशी तत्परता कुठे बघायला मिळत नाही हल्ली."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ती बॅग मिळालीसुद्धा. चारही चाकं नवी, आणि अस्तराला दुहेरी टाका.