उष्टं पाणी

जेवत असाल तर आधी ताट बाजूला ठेवा. मी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नका.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. सुगंधामावशी, राहणार असल्फा, घाटकोपर. लग्नाच्या पंगतीत बसून "वरण आंबलंय तुमचं" असं यजमानाला तोंडावर सांगणारी बाई आहे ती. तिला खोटं रचता येत नाही. तिने सांगितलं तसंच्या तसं सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या, मला कोणाशी वाद घालायचा नाही.

गेल्या मार्चातली गोष्ट. जागा, आरेच्या जंगलातला एक सुनसान चढाचा रस्ता. वेळ रात्रीची नाही, उजाडतानाची. भुतं अमावस्येच्या रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

मावशीचा नवरा म्हणजे जयवंतकाका. मूळ मालवणकडचे, जन्म गेला मुंबईत. आदल्या वर्षी छातीत कळ आली, स्टेंट बसले. हृदय अर्धंमुर्धंच काम करतंय, असं डॉक्टर म्हणाले. चालायला जा म्हणाले.

काकांनी सायकल घेतली.

मावशीने घर डोक्यावर घेतलं. काका ऐकेनात. मग काय करते, एकट्याला सोडायचं नाही म्हणून तीही पन्नाशीला सायकल शिकली. पुढे काका, मागे मावशी. तिची नजर रस्त्यावर कमी आणि काकांच्या पाठीवर जास्त. पाठ वरखाली होतेय ना, श्वास चालतोय ना, एवढंच ती बघायची.

साकीनाक्याचा धूर गिळत, मरोळवरून आरेत. आत शिरलं की शहर संपतं. दोन्ही बाजूंना रान, तबेल्यांचा वास, आणि मग लांब वळणावळणाचा चढ. चढाच्या तोंडाशी एक जुना उंबर आहे. खाली कायम सडक्या उंबरांचा चिखल, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मावशीला ती जागा मुळातच आवडायची नाही.

पण काका तिथे रोज थांबायचे. रानात शिरताना आपण घोट घेण्याआधी पहिली धार जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, द्यायची, ही त्यांच्या गावची रीत. सायकलच्या दांड्याला अडकवलेला सिपर, ती दाबून प्यायची बाटली, काढायचे, बुंध्याशी धार सोडायचे आणि म्हणायचे, "जागेवाल्या म्हाराजा, ह्यां तुझां."

मगच स्वतः प्यायचे.

त्या दिवशी साकीनाक्याला धुळीने त्यांचा घसा सुकला. सिपर तिथेच जवळजवळ संपवला. उंबराशी आले तेव्हा तळाशी जेमतेम घोटभर उरलं होतं. तोंडात घेतलं, खळखळून चूळ भरली आणि बुंध्यावर थुंकले.

"आज ह्यांच घे रे बाबा," असं म्हणून हसले.

"अहो, उष्टं दिलंत?" मावशी सायकलवरून उतरली. "देताना जरा तरी लाज?"

"पाणीच ना गो ता. चल."

मावशीने स्वतःच्या बाटलीतून धार सोडायला हात पुढे केला, तर काका निघालेसुद्धा. नवरा की झाड? ती नवऱ्याच्या मागे गेली.

चढ सुरू झाला.

पहिल्या वळणावर तिच्या लक्षात आलं... पाखरं गप्प झालीत.

दुसऱ्या वळणावर झाडीतून आवाज आला. खळ... खळ... खळ... कोणीतरी तोंडात पाणी घोळवत होतं. अगदी निवांत. सकाळी मोरीत उभं राहून म्हातारी माणसं घोळवतात तसं. मावशीने मान वळवली. झाडीत कोणी नव्हतं.

मग... थुंकल्याचा आवाज.

वर पोहोचल्यावर काकांनी सिपर काढला आणि हातात तोलला. "तू भरलंस काय गो?"

भरलेला होता. गळ्यापर्यंत.

मावशी काही बोलायच्या आत त्यांनी तोंडाला लावला. घटाघटा प्यायले. तोंडापासून काढला तेव्हा ओठ आणि सिपरच्या मध्ये एक तार लोंबत राहिली. लाळेची. लांबलचक. ती काही केल्या तुटेना. शेवटी काकांनी बोटाने गुंडाळली आणि बोट चाटलं.

 मावशीने सिपर हिसकावून वास घेतला. पारोशा तोंडाचा वास. दात पडलेल्या, पान खाणाऱ्या, कित्येक दिवस चूळ न भरलेल्या तोंडाचा. आणि बाटली कोमट होती.

"फेका ते."

"गोड लागता गो," काका म्हणाले.

त्या दिवसापासून रोज तेच. उंबराशी काका थांबेनासे झाले. चढावर झाडीतून खळखळ यायची, वर पोहोचेपर्यंत सिपर भरलेला असायचा, आणि मावशी डोळे मिटून दुसरीकडे तोंड करायची. प्यायल्याचा आवाज मात्र कानात जायचाच.

आता खरी पंचाईत ऐका.

काका सुधारले. चढावर धाप लागेना. ओठांवरचा काळसरपणा गेला. तपासणीला गेले तर डॉक्टर रिपोर्ट उलटसुलट करून बघत बसले. हृदय जवळजवळ पूर्ण काम करत होतं. "काका, जे करताय ते चालू ठेवा," असं म्हणाले ते. मावशी शेजारीच बसली होती. काय सांगणार होती ती त्यांना?

घरी मात्र तिला काकांच्या शेजारी झोपवेना. बोलायला तोंड उघडलं की तोच वास. चहाचा कप समोर ठेवला की तो उचलायच्या आधीच काठावर ओल्या ओठांचा ठसा. एकदा तिने सिपर घासायला घेतला. गरम पाणी, सोडा, आत घालायचा ब्रश. ब्रशला चिकटून बुळबुळीत पांढरं काहीतरी बाहेर आलं. त्यात अर्धवट चावलेला भात होता. पानाची शीर होती. एक पिकलेला, लांब केस होता. त्या घरात कोणी पान खात नाही. मावशी मोरीतच ओकली.

बस झालं, म्हणाली. सिपर पिशवीत बांधला आणि स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत टाकला. गाडी गेलेली तिने डोळ्यांनी बघितली. दुसऱ्या सकाळी काकांच्या सायकलला नवाकोरा सिपर, आत उकळून गार केलेलं पाणी.

त्या सकाळी चढावर खळखळ आली नाही.

काहीच आवाज आला नाही... पाखराचा नाही, पानाचा नाही.

दुसऱ्या वळणावर काकांची पाठ हलायची थांबली.

मावशी ओरडेपर्यंत ते सायकलसकट आडवे झाले होते. कपाळावर घाम, ओठ जांभळे, हात छातीवर. तिने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी निघतेय, वेळ लागेल, म्हणाले. तिने नवा सिपर त्यांच्या तोंडाला लावला, तर पाणी गालावरून ओघळून गेलं. घशाखाली थेंब उतरेना. काकांनी कसाबसा हात उचलला आणि बोट दाखवलं.

खाली. उंबराकडे.

पन्नाशीची बाई, गुडघे दुखणारी, उतारावरून धावत सुटली.

बुंध्याशी, सडक्या उंबरांच्या चिखलात... सिपर उभा होता. तोच. दांड्याला घासून पडलेला ओरखडा होता त्यावर. तोंड ओलं. भरलेला.

कुठून आला, कोणी ठेवला, हा विचार करायला तिला सवडच नव्हती. उचलला आणि धावत वर आली. काकांच्या तोंडात घालून दाबला. येईना. सिपरच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. चोखल्याशिवाय निघणार नव्हतं, आणि काकांच्यात चोखण्याची ताकद उरली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

मावशीने पदराने ओठ पुसले.

"मग काय रे निलेश. नवरा माझा मरत होता."

तिने तोंड लावलं. चोखलं. आधी गोळा आला, मऊ, केसाचा गुंता असलेला. मग ते कोमट, चिकट, तोंडभर. तिने सगळं तिथेच रस्त्याकडेला थुंकलं. पुन्हापुन्हा थुंकली. मग सिपर काकांच्या तोंडात दिला. ते प्यायले. तान्ह्या बाळासारखे डोळे मिटून, पार तळापर्यंत. ओठांचा रंग परत आला. उठून बसले, ढोपरं झटकली.

"चल गो, उशीर झालो."

अॅम्ब्युलन्स आली तेव्हा काका सायकलची चेन बसवत होते. तपासलं, काही नाही. गाडीवरची पोरं वैतागून परत गेली.

आणि झाडीतून... खळखळ सुरू झाली.

मावशीने आपली सायकल उचलली. जड लागली. खाली बघितलं तर तिच्या स्वतःच्या दांड्याची बाटली, जी तिने सायकल आडवी टाकली तेव्हा सांडून रिकामी झाली होती, ती गळ्यापर्यंत भरलेली होती. तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. आपणही जागेवाल्याच्या जागेत उष्टं थुंकलो होतो.

गेल्या रविवारी मी असल्फाला गेलो होतो. काका ठणठणीत आहेत, रोज सायकल चालू आहे. जुना सिपर मावशी स्वतः दांड्याला अडकवते, नाक दाबून. तिची बाटली ओट्यावर उभी होती. तिने ती अजून तोंडाला लावलेली नाही. ओतून दिली की पुन्हा भरते, म्हणून ओतायचीही सोडली.

"तू मग जाऊच नको ना त्यांच्याबरोबर," मी म्हणालो.

"एकट्याला कसं सोडू?"

तिने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. माझी काही हिंमत झाली नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली, छातीवर हात ठेवून, जरा वाकून. नुकती एक जिना चढून आली होती, भाजी घेऊन.

"हल्ली मला चढावर धाप लागते रे," म्हणाली.

 मावशी बाटलीकडे बघत होती.