चार जागा मोजायच्या होत्या

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या मावसबहिणीच्या, देवश्रीच्या बाबतीत घडलेली आहे. अमावस्येची रात्रबित्र काही नव्हती. बेंगळुरूमधलं राजाजीनगर, गेल्या मार्चमधल्या शनिवारची भरदुपार.

देवश्री एका खासगी लॅबमध्ये हाडं तपासते. पोलिसांकडून बेवारस हाडं येतात. हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बारीक गोल वलयं दिसतात. वयाबरोबर ती वाढत जातात. ती मोजून माणूस मेला तेव्हा साधारण केवढा होता ते सांगायचं.

वलयं चार जागी मोजायची, हा नियम.

त्या दिवशी तिला चारची पुण्याची बस गाठायची होती. तिने एकच जागा मोजली. पोलीस अडतीस वर्षांच्या एका बाईला शोधत होते, आकडाही जुळत होता. 'पस्तीस ते चाळीस' लिहून तिने सही ठोकली.

दाराशी गेली...

दार उघडेना.

खोलीला खिडकी नाही. मोबाइलला रेंज नाही. "शिवकुमार अण्णा!" मदतनीस शिवकुमार बाहेरच बसायचा. तिने दार बडवलं.

आणि मागून आवाज आला...

टक.

टेबलावर मोजणीचा काउंटर होता, अंगठ्याने दाबायचा. त्याला कुणीही हात लावला नव्हता.

टक. टक. टक.

सतरावर थांबला.

तिने शून्य केला. पुन्हा सतरा.

रडत रडत देवश्रीने चारही जागा मोजल्या. पहिल्या जागी जुनी दुखापत होती, म्हणून तिथेच वलयं दाटली होती. बाकी हाड कोवळं, सोळा-सतरा वर्षांचं. कुणाची तरी पोर परक्या बाईच्या नावाने जाळली गेली असती आणि तिला कुणी शोधलंही नसतं.

तिने रिपोर्ट फाडला. दार लगेच उघडलं.

बाहेर शिवकुमार डबा खात होता. "मी इथंच की हो, अक्का. दार उघडंच होतं. तुम्ही दोघी मोजत होता, म्हणून आत आलो नाही."

दोघी...

काल तिचा फोन आला. काउंटर पुन्हा वाजला म्हणाली. या वेळी नऊवरच थांबला.

"कुठला रिपोर्ट गं?" मी विचारलं.

"आठवत नाही गं... असे खूप उरकलेत मी." ती हुंदके देत होती. "आणि दार उघडत नाहीये."

फोन कट झाला.

त्या खोलीत रेंज नसते, हे मला नंतर आठवलं.

तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. शिवकुमार म्हणतो, खोलीत कुणीच नाही. दार उघडंच आहे.