निघतानाचा शब्द

धानातला ओलावा मोजायची यंत्रं नीट करणं हे माझं काम. आमचं ऑफिस मिरजेत आहे. वर्षातून दोनदा, नवं धान गिरण्यांवर यायला लागलं की, मला महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदियाला जावं लागतं. गिरणीवाला म्हणतो ओलावा सतरा टक्के, शेतकरी म्हणतो चौदा, आणि दोघांच्या भांडणात यंत्र खोटं ठरतं. मी जाऊन ते खरं करते. जे मोजता येतं त्यावरच माझा विश्वास आहे, हे आधीच सांगून ठेवते.

या नोव्हेंबरात निघतानाच घरी वाजलं. नवरा वारल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी घरात फारसं बोलत नाही. मुद्दाम नाही, शब्दच येत नाहीत. माझी मुलगी गार्गी अकरा वर्षांची आहे. रिक्षा दारात उभी असताना ती म्हणाली, "तू गेलीस काय नि राहिलीस काय, सारखंच. बोलतेस कुठे तू?"

मला ते झोंबलं. मी बॅग उचलली आणि म्हणाले, "मग जाते मी."

"अगं, येते म्हण," आतून माझी आई ओरडली. "जाते म्हणू नये."

घराबाहेर पडताना आपल्याकडे 'जाते' म्हणत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. म्हणून तर म्हटलं होतं. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

मिरजेहून गोंदियाला थेट गाडी आहे आणि तिला एक दिवसाहून जास्त लागतो. तेवढा वेळ गार्गीचं वाक्य माझ्यासमोरच्या बाकावर बसून होतं. एकटा जीव सदाशिव म्हणतात, पण लॉजच्या खोलीत टीव्ही लावून एकटीनं पोळीभाजी खाताना सदाशिवालाही रडू येईल. मग फोनवर शोधत बसले. लोकांत राहता येईल, गप्पा होतील अशी एखादी जागा हवी होती. 'संगत हॉस्टेल' असं नाव सापडलं. स्टेशनजवळच्या रेलटोलीच्या पलीकडे, तांदळाच्या जुन्या गोदामात. अभिप्राय भरभरून होते आणि मराठीतल्या प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य होतं: परत येणारच.

गोदाम उंच छपराचं होतं. भिंतींना चुना लावला होता, तरी आत उकडलेल्या धानाचा उबट वास मुरलेला होता. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर गिरण्यांच्या धुराड्यांतली काळी राख बसायची. मालक दुर्गाप्रसाद पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा. तो फक्त हिंदी बोलायचा.

"अकेली आई हो, दीदी?" माझं ओळखपत्र बघत तो म्हणाला. "यहाँ कोई अकेला नहीं रहता."

साडेसात वाजता पंगत बसायची. मधल्या दालनात लांब सतरंजी, समोरासमोर दोन रांगा. मला सुलोचनाबाईंच्या शेजारी जागा मिळाली. त्या सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. "आज-उद्यात मोकळी होईल," म्हणाल्या. समोर केशोराव, भंडाऱ्याचे, गिरण्यांना लागणारे रबरी रोल विकणारे. खणखणीत आवाज, दर घासाला एक गोष्ट.

मला त्यांनी सोडलं नाही. कुठल्या, काय करता, मुलं किती. मी आधी तुटक उत्तरं दिली. मग कसं कोण जाणे, एका शेतकऱ्यानं माझं यंत्र खोटं ठरवायला स्वतःच्या बायकोला धान चावून बघायला लावलं होतं, तो किस्सा मी सांगितला. पंगत हसली. आणि मीही हसले, मोठ्यानं. तीन वर्षांत तो आवाज मी ऐकलेला नव्हता. कोणीतरी फोटो काढला आणि 'आजची पंगत' म्हणून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. मी लगेच तो गार्गीला पाठवला.

तिचं उत्तर आलं: "ही तू आहेस?"

त्या एका ओळीनं मला जोर आला. मी ठरवलं, इथे पहिल्याच दिवशी जीभ सुटली आहे तर ती तशीच सुटलेली घरी न्यायची. रोज पंगतीत काय बोलायचं ते मी दिवसभर गिरण्यांवर जमवायला लागले. खरं तर गार्गीसाठीच जमवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी केशोराव बॅग घेऊन निघाले. दारात उभे राहून म्हणाले, "बरं मंडळी, येतो." संध्याकाळी पंगतीला ते आपल्या जागी होते.

"गाडी चुकली का?" मी विचारलं.

"नाही जी. पोचलो न मी," ते भात कालवत म्हणाले. "भंडाऱ्यालेच आहो."

सगळे हसले. माणूस गमत्या आहे, म्हणून मीही हसले.

दुसऱ्या दिवशी नागऱ्याच्या रस्त्यावर एका गिरणीत माझं काम होतं. मालकाचं नाव नंदलाल. त्याच्या ऑफिसात खुर्चीवर केशोराव बसलेले होते, मांडीवर रबरी रोलाचा नमुना. उजव्या अंगठ्याला ताजी पट्टी होती आणि तिच्यातून रक्त पाझरत होतं.

"काल काय बोललात तुम्ही! भंडाऱ्यालेच आहो म्हणे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती.

"पहले ये आते थे तो आधा दिन गप में जाता था," नंदलाल म्हणाला. "अब देखो. मुँह में जबान ही नहीं."

"रात्री संगत हॉस्टेलला असता ना तुम्ही?" मी विचारलं.

केशोराव एकेक शब्द जुळवायला लागले. "मार्चमधी उतरलो होतो तिथं एकडाव," ते म्हणाले. "मंग नाही गेलो. घरचे म्हणते, तिथून आल्यापासून तुमचं बोलनंच गेलं. बोलाले जातो, बाई, तर अंदर काईच नसते." मग नमुना पिशवीत घालून ते उठले. नमस्कारही केला नाही.

एकसारखी दिसणारी माणसं असतात, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी पंगतीत केशोराव समोर बसले तेव्हा मी आधी त्यांचा अंगठा पाहिला. स्वच्छ होता. ओरखडासुद्धा नव्हता. ते गिरणीवर गेले होते का, असं विचारलं तर म्हणाले, "मी कुठं जातो जी? इथंच असतो," आणि नवी गोष्ट सांगायला लागले. गोष्ट चांगली होती. मी हसले, आणि हसताना पुन्हा त्या अंगठ्याकडे पाहिलं.

मी तेव्हाच का निघाले नाही? निघायचं नव्हतं म्हणून. त्या सतरंजीवर मला कोणी गप्प बाई म्हणून ओळखत नव्हतं.

स्वयंपाक नंदाबाई करायची. सालेकशाकडची, सुकलेल्या अंगाची, फटकळ बाई. सगळ्यांत ती एकटीच रोज संध्याकाळी भांडी आवरून आपल्या घरी जायची. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घ्यायला गेले तर तिनं दार लोटून घेतलं.

"बाई, तुमी उद्या जाऊन राहिल्या न?"

"हो."

"मंग जातानी 'जातो' म्हणजा. 'येतो' नोका म्हणू."

तिकडे बायकाही स्वतःबद्दल 'जातो'च म्हणतात. मला गंमत वाटली. तिच्याच भाषेत विचारलं, "काऊन वो?"

ती हसली नाही. "हे घर शब्द धरते. येतो म्हटलं का, येनारं इथंच ठेवून घेते. अन् जे जाते ते रिकामंच जाते. म्या रोज सांजेले 'जातो' म्हनतो, तवा घरी पोचतो."

"आणि हे हिंदी बोलणारे?"

"त्यायले काय होते? ते 'चलते हैं' म्हनते अन् चालल्या जाते. फसते आपलेच." तिनं चहाचा पेला माझ्या हातात दिला. "सांगतो मी समद्यायले. पन दारात गेलं का कोनाच्या ध्यानात राहत नाही. जीभ वळनाची असते."

दिवसभर मी मनात 'जाते, जाते' घोकत होते. विश्वास नव्हता, पण एक शब्द बदलायला माझं काय जाणार होतं? संध्याकाळी सुलोचनाबाईंना विचारलं, सूनबाई कशा आहेत.

"आज-उद्यात मोकळी होईल," त्या म्हणाल्या. पाच दिवस तेच उत्तर होतं. मग जरा थांबून म्हणाल्या, "नातू आता पहिलीत जाईल."

आणि त्या पापडाचा तुकडा मोडून शांतपणे खायला लागल्या.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला मी बॅग घेऊन खाली आले. ऊन स्वच्छ होतं. दारात सगळे जमले होते. केशोराव, सुलोचनाबाई, बाकीचे. नंदाबाई मागे स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती, हाताला कणीक.

नवरा गेल्यापासून मला कोणी लावलं नव्हतं ते हळदीकुंकू सुलोचनाबाईंनी लावलं आणि ओटीत मूठभर नवे तांदूळ घातले. माझे डोळे भरून आले. ही माणसं कोण आहेत, काय आहेत, मला माहीत नव्हतं. पण त्यांनी मला बोलतं केलं होतं.

मी उंबरठा ओलांडला.

मागून दुर्गाप्रसाद बोलला. सहा दिवसांत पहिल्यांदाच मराठीत. स्वच्छ, घरच्यासारख्या मराठीत.

"ताई, निघताना काय म्हणतात आपल्याकडे?"

मला शब्द आठवत होता. 'जाते.' तो ओठांपर्यंत आला आणि मला आमचं मिरजेचं दार दिसलं, रिक्षा दिसली, गार्गीचा पडलेला चेहरा दिसला. तोच शब्द मी तिच्या तोंडावर फेकून आले होते. इथे, ओटीत तांदूळ असताना, पुन्हा तो कसा म्हणू?

आणि खरं सांगायचं तर विचार करायला वेळच मिळाला नाही. जित्याची खोड.

"येते हं," मी म्हणाले.

दारातल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. नंदाबाईनं डोळे मिटले.

गाडी वेळेवर होती. मिरजेला गार्गी आणि आई दोघी स्टेशनवर आल्या होत्या. गार्गीनं मला कमरेला मिठी मारली. "आई, सांग ना सगळं! फोटोतल्या त्या काकांची गोष्ट सांग!"

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. विसरले नव्हते मी. धान चावणारी बाई आठवत होती, अंगठ्याची पट्टी आठवत होती. पण आठवलेलं जिभेपर्यंत येत नव्हतं. "बरं झालं काम," एवढंच म्हणाले. गार्गीची मिठी हळूहळू सैल झाली.

याला आता तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात थकवा आहे. मी पुन्हा गोंदियाला जाऊन बघायचं म्हटलं, तर आई रडायला लागली.

हॉस्टेलच्या ग्रुपवर रोज साडेसातनंतर 'आजची पंगत' येते. मी तिथून निघाले त्या संध्याकाळचा फोटो मी घरी आल्यावर पाहिला. सुलोचनाबाईंच्या शेजारी मी बसले होते, मोहरी रंगाच्या कुर्त्यात, मान मागे टाकून हसत. जुना फोटो असेल, असं वाटलं. तो कुर्ता तर मी धुऊन आमच्या गॅलरीत दोरीवर वाळत घातला होता. पण माझ्या समोरच्या रांगेत एक मुलगी होती, पाठीवरची मोठी पिशवी बाजूला ठेवून बसलेली, आणि तिला मी कधीच पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मी तिला वाढत होते.

मी कोणालाच सांगितलं नाही. सांगणार कशी? गार्गी मात्र ते फोटो बघते, हे मला कळलं होतं. एकदा तिनं मान वर न करता विचारलं, "इथे तू किती हसतेस ना?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

काल संध्याकाळी मी कणीक मळत होते. गॅलरीतून गार्गीच्या हसण्याचा आवाज आला. पोट धरून, खिदळत, अशी ती तीन वर्षांत हसली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी कणकेच्या हातांनीच दाराशी गेले. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. माझा फोन कानाला होता.

"मग त्या बाईनं चावलं धान?" ती म्हणत होती. "आणि मग?"

"गार्गी," मी कसंबसं म्हणाले, "कोणाशी बोलतेयस?"

"आईशी," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

मग तिनं पलीकडचं थोडा वेळ ऐकलं. फोन स्पीकरवर टाकला, कठड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

"खरंच? कधी? नक्की ना?"

फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं, आणि त्या सगळ्यावरून माझा आवाज आला, मोकळा, घरी येणाऱ्या माणसाचा.

"येते हं, बाळा."