उजव्या खिशाचा शर्ट

शेलूबाजारात रूपाच्या शिलाईच्या दुकानात पुरुष माणूस सहसा फिरकत नसे. त्यामुळे त्या रविवारी दोन्ही हातांनी मागून पॅन्ट धरून एक तरणा गडी दारात उभा राहिला, तेव्हा तिला हसू आवरेना.

"तारेत अडकली..." तो पुटपुटला.

"दिसून राह्यलं. पडद्यामागं जा अन् द्या इकडं."

तो आत, ती बाहेर, मधे फुलाफुलांचा पडदा — अशी त्यांची ओळख झाली. नाव अश्वजित, राहणार जऊळका, वाशीमकडच्या मालेगावच्या शाळेत मास्तर.

"तार कायले ओलांडत होते?"

"टेकडी शोधून राह्यलो," म्हणत त्यानं पडद्याखालून मोबाइल सरकवला.

जुना फोटो होता. सतरा वर्षांचा पोरगा पांढऱ्या घोड्याचा लगाम धरून उभा, मागं टेकडी. हा त्याचा बाप, देवमन. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इकडं काही सिनेमावाले आले होते. इंग्रजी काउबॉयच्या चालीवरचा, घोडे-बंदुकांचा सिनेमा. देवमननं आठ दिवस हा घोडा सांभाळला. तेव्हापासून बापलेक दोघंही काउबॉयच्या सिनेमांचे वेडे. हौशी माणसं ते सिनेमे जिथं घडले ती वाळवंटं पाहायला सातासमुद्रापार जातात. अश्वजितला वाशीम जिल्ह्यातली एक टेकडी पुरणार होती. पण तीच सापडेना. गाव म्हणायचं, देवमन फेकते. फोटो स्टुडिओतला आहे, मागं रंगवलेला पडदा आहे. ऐकून ऐकून म्हाताऱ्यानं फोटो भिंतीवरून उतरवून ठेवला होता.

"चार रविवार झाले. एकही टेकडी जुळत नाही. बाबा खरं बोलतेत, मले मालूम आहे, पन..." आवाज अडखळला. रूपाला त्याचा चेहरा पाहावासा वाटला.

ती पुन्हा फोटोकडे वळली. लोक फोटोत चेहरा बघतात, टेलर शर्ट बघतो.

"मास्तर, खिसा उजवीकडं कोन्या टेलरनं लावला?"

"म्हणजे?"

"शर्टाचा खिसा डावीकडं असते. फोटो उलटा छापला कोणीतरी." तिनं मोबाइलवर फोटो आरशातल्यासारखा उलटवला. टेकडीचा कडा डावीकडून उजवीकडे गेला, आणि रूपा खुदकन हसली. "हे तर आमच्या मागची टेकडी. हिच्याच तारेत अडकले तुमी."

पडदा सर्रकन सरला.

"आधी पॅन्ट घाला," छताकडे बघत ती म्हणाली.

अर्ध्या तासात दोघं तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे होते. एक डोळा मिटून ती फोटो आणि टेकडी जुळवत होती. "डावीकडं सरा... अजून जरासं... आता हालू नका." टेकडीची रेघ तंतोतंत बसली. बाप उभा होता तिथंच लेक उभा होता. तिनं फोटो काढला, तेव्हा तो कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. फोटो मात्र छान आला.

त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. देवमननं डोळे पुसून साऱ्या आळीला हाक मारली. "या रे, पडदा म्हणत होते ना? पहा, पडद्यावरची तूर हालून राह्यली."

मोबाइलमध्ये गर्दी झाली, कुणी टाळ्याही पिटल्या. त्या गलक्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनं शोधली?"

"रूपानं."

"कोन रूपा?"

अश्वजितनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बाबा... तुमची सून. म्हणजे... ती हो म्हणन तर."

रूपाही लाजली, पण जीभ काही तिला सोडून गेली नव्हती. ती मोबाइलमधल्या देवमनला म्हणाली, "त्याईले म्हणा, आधी मले विचारा तर खरं."

मग अश्वजितनं विचारलं, मोठ्यानं, साऱ्या जऊळक्याला ऐकू जाईल असं. तिनं हो म्हटलं ते मात्र इतकं हळू, की ऐकायला त्याला अगदी जवळ यावं लागलं.