समुद्रासमोरची खोली

चऱ्होलीत त्या रात्री लाईट गेली होती. देवळासमोरच्या कट्ट्यावर कुलदीप आणि प्रज्वल मोबाईलच्या उजेडात मुंबईचा बेत आखत बसले होते. कुलदीपचं लग्न ठरलं होतं, म्हणून दोस्तांची एक झकास ट्रिप. जुन्या, नामांकित हॉटेलात एक रात्र, इराण्याकडं नाश्ता आणि फोर्टातल्या शिंप्याकडं सुटाचं माप.

"आजोबा पण मागं लागलेत, मला न्या म्हणून," कुलदीप म्हणाला. "म्हटलं, पुढच्या वेळी नेऊ."

शेजारी बबनराव तंबाखू मळत होते. कंपनीतून रिटायर झालेला, जिभेला धार असलेला म्हातारा. त्यांचा हात थांबला.

"पुढच्या वेळी व्हय? ठेव तो मोबाईल खाली. आमच्या रोहिदासाचं सांगतो. माझा चुलत पुतण्या. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचार त्याला. सांगायचा नाही तो, पण त्याचं तोंड तरी बघून येशील."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

रोहिदासाचा बाप सोनबा. आकुर्डीच्या कारखान्यात उभी हयात गेली त्याची. तरुणपणी एकदा मुंबईला गेला. समुद्रासमोर एक जुनं दगडी हॉटेल आहे, नाव घेत नाही, उगाच कशाला. त्याच्या दारात हा नुसता उभा राहिला, आत डोकावला. दरवानानं दंडाला धरला आणि फूटपाथवर आणून सोडला. दुसरा कुणी असता तर चार शिव्या घालून विसरला असता. सोनबा विसरला नाही. शिव्याही दिल्या नाहीत त्यानं. एकच म्हणायचा, "एकदा सूट शिवीन, त्याच दारातनं आत जाईन आन् समुद्राकडच्या खोलीत एक रात झोपंन." सगळा बेत तोंडपाठ. आधी शिंप्याकडं माप, मग इराण्याकडं बन-मस्का, मग हॉटेल. भेटेल त्याला ऐकवायचा. आम्ही टिंगल करायचो, "सोनबा, सूट घालून म्हशी धुणार का रं?" तोही हसायचा आमच्याबरोबर.

पुढं जमिनीला सोन्याचा भाव आला. बिल्डर आले, बंगला झाला, रोहिदासानं चाकणला वर्कशॉप टाकलं. आता काय अडचण होती सांगा. पण नाही. "आबा, दिवाळी होऊ द्या." दिवाळी झाली की, "मार्च एंड होऊ द्या." कंपनीच्या साहेब लोकांना घेऊन गोव्याला चार वेळा गेला पठ्ठ्या. बापाला खंडाळ्याच्या पुढं नेलं नाही. म्हातारा दर खेपेला मान डोलवायचा आणि म्हणायचा, "पोरगं कामात हाय." वाट बघता बघता श्रावणात गेला.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. सोनबाच्या बहिणीनं शब्द दिला, भावकीनं दिला, "बायकोला सांभाळू, घराला अंतर देणार नाही." कावळे झाडावर बसून होते, एक खाली उतरेल तर शपथ. रोहिदासाची सारखी घड्याळाकडं नजर. चाकणला ऑडिट होतं त्याचं. शेवटी कौशल्याबाईनं, त्याच्या आईनं, कानात सांगितलं, "मुंबईचं बोल." त्यानं हात जोडले. "आबा, तुम्हाला मुंबईला नेतो. त्याच हॉटेलात, समुद्राकडची खोली तुमच्या नावानं घेतो."

शब्द तोंडातून पुरता निघाला नव्हता. कावळा खाली आला.

बायका रडायला लागल्या. आणि हा गाडी काढून ऑडिटला गेला. गरज सरो, वैद्य मरो. मेलेल्या बापाच्यासुद्धा तोंडाला पानं पुसली रे त्यानं.

वर्षश्राद्ध झालं. पितृपंधरवडा आला. पंधरवड्यात लोक फिरायला जात नाहीत, म्हणून हॉटेलवाल्यांनी खोल्या स्वस्त लावलेल्या. रोहिदासाच्या डोक्यात प्रकाश पडला. बुकिंग केलं. तेच हॉटेल, समुद्राकडची खोली. बापाच्या नावानं नव्हे, हां. स्वतःच्या आणि पूनमच्या, म्हणजे बायकोच्या. फोर्टातल्या शिंप्याकडून सूट शिवून आणला, तोही स्वतःलाच. बापाचा बेत जसाच्या तसा उचलला, फक्त बाप तेवढा गाळला.

कौशल्याबाई म्हणाली, "आरं, पंधरवड्यात अंगाला नवं कापड लावत न्हाईत. आन् आबाला बोलला व्हतास त्याचं काय?"

"आई, गेलेला माणूस हॉटेलात राहतो का? घाटावर काहीतरी बोलावं लागतं म्हणून बोललो."

त्यानंतर ती त्याच्याशी फारसं बोललीच नाही.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. पहाटे निघायचं होतं, म्हणून रोहिदास संध्याकाळी वाकडच्या मॉलमध्ये जाऊन सुटावरचे बूट घेऊन आला. जेवणं झाली. आई खालच्या खोलीत झोपली, पूनम वरती. ह्यानं हॉलमध्ये सूट चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. कोट अंगाला बेतशीर बसला होता. कॉलर नीट करतोय तोवर फोन वाजला. मुंबईचा नंबर.

"सर, हॉटेलमधून बोलतोय. उद्याची खोली आपल्या नावावर आहे ना? आपले गेस्ट आजच आलेत."

"कोण गेस्ट? कुणी नाही."

"वयस्कर आहेत, सर. दारातच उभे आहेत. टोपी काढून हातात धरलीय. मुलगा मागून येतोय, म्हणतात."

रोहिदासाचा हात कॉलरवरच राहिला.

"नाव… नाव काय सांगतायत?"

तिकडं फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. लांबून समुद्र ऐकू येत होता. लाट यायची, जायची. लाट यायची…

"सोनबा म्हणतात, सर."

घरात पंखा फिरत होता.

"सर? यांना ओळखता का तुम्ही? तुम्ही हो म्हणालात तर आत घेतो. नाहीतर…"

एक शब्द, पोरांनो. 'हो'. तेवढाच म्हणायचा होता. बापाचा सगळा जन्म त्या एका शब्दावर अडकला होता.

रोहिदास एकदा दारू पिऊन माझ्याजवळ रडला, तेव्हा खरं बोलला. म्हणाला, "काका, भीती वाटलीच. पण भीतीनं नाही मी तसं बोललो. माझ्या डोळ्यांसमोर ती टोपी आली, धोतर आलं. उद्या त्याच काउंटरवर मला सूट घालून उभं राहायचं होतं. लाज वाटली, काका."

आणि तो म्हणाला, "मी ओळखत नाही."

"ठीक आहे, सर."

फोन कट झाला नाही. त्यानंही केला नाही. लांबून कुणीतरी म्हणालं, "चला बाबा, चला बाहेर." पावलं वाजली. दार उघडलं. समुद्राचा आवाज एकदम मोठा झाला…

मग दार लागलं.

त्यानं उलटा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, एवढंच फोनमधली बाई सांगत राहिली. पूनमला उठवायला गेला आणि जिन्यातनंच परत फिरला. काय सांगणार होता? बापाला ओळखत नाही म्हणालो, हे? सूट अंगावर तसाच. सोफ्यावर बसून राहिला. कुणाला एक अक्षर बोलला नाही.

पहाटे मागच्या मोरीत पाण्याचा आवाज आला.

उठला. गेला. कौशल्याबाई पाटावर बसली होती. पुढ्यात प्लास्टिकचं घमेलं. घमेल्यात गढूळ पाणी. तिचे हात कोपरापर्यंत ओले.

"आई… काय करतेस?"

"पाय धुतलं."

"कुणाचे?"

"तुज्या आबाचं. रातभर चालला. गाडीत कोन घेतंय त्याला? सालटी निगाली व्हती पायाची."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

तिनं पदरानं हात पुसले. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जेव म्हनलं. न्हाई म्हनला. आता आलाच हायेस तर टेक म्हनलं. न्हाई. एकच इचारत व्हता… सारखं तेच…"

"काय?"

"रोह्या मला वळकत न्हाई असं का म्हनला?"

बबनराव थांबले. तंबाखू त्यांच्या तळहातावर तशीच होती.

"उजाडायच्या आत मला बोलावणं आलं," ते म्हणाले. "मी गेलो तेव्हा रोहिदास त्या सुटात मोरीत उकिडवा बसला होता. त्याला ते पाणी ओतवेना. मीच घमेलं कलतं केलं. पाणी गेलं वाहून. तळाला वाळू राहिली, ओंजळभर. मी इंद्रायणीत पोहून मोठा झालोय, आपल्या नदीची वाळू मी अंधारात हातानं ओळखतो. ही ती नव्हती. बारीक, काळी, चिकट. बोटाला लागली ती मी जिभेवर ठेवून बघितली. खारट होती."