मोटर डिकीतच होती

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती तर मी स्वतःला तरी जरा बरा माणूस दाखवला असता.

गेल्या वर्षीचा मार्च. नाशिक, सिडको. गुरुवारची दुपार, तीन-सव्वातीन.

भुताची गोष्ट कधी भरदुपारची असते का, असं विचारू नका. माझी आहे.

मी महेश. नाशकातच, द्वारका चौकाजवळ माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, मायक्रोवेव्ह. कुसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझं कॉलेज तिच्याच घरी राहून झालं. तेवढ्या वर्षांत तिने मला एकदाही शिळं वाढलं नाही.

म्हातारपणी तिचे हात कापायला लागले. तिची मुलगी मीना सातपूरला कंपनीत होती. गॅसजवळ जायचं नाही, असं तिने आत्याला बजावून ठेवलं होतं. मीना सकाळी जेवण करून जायची आणि आत्या दुपारी ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायची.

फेब्रुवारीत त्याची मोटर गेली. आतली काचेची ताटली फिरवते ती, तळहाताएवढी. ताटली फिरली नाही की अन्न एका बाजूने चटका बसेल इतकं गरम आणि दुसऱ्या बाजूने गार. मग आत्या दर अर्ध्या मिनिटाने दार उघडायची, कापऱ्या हाताने ताटली अर्धी फिरवायची आणि दार लावायची. सगळं उभ्याने.

तिचा फोन यायचा. "मह्या, कधी येतो रे? लय वेळ उभं ऱ्हावं लागतं."

मी सांगायचो, आत्या, पार्ट यायचाय.

आमच्या धंद्यात हे वाक्य तोंडात बसलेलं असतं. गिऱ्हाईक कोण, हे बघायच्या आधीच बाहेर पडतं.

पार्ट आलेला होता.

तीन आठवडे माझ्या स्कूटरच्या डिकीत पडून होता. वीस मिनिटांचं काम. घरचंच आहे, करू निवांत, असं म्हणत मी ते रोज पुढे ढकललं. निर्लज्जपणाच, दुसरं काय.

एका दुपारी आत्या मायक्रोवेव्हसमोरच कोसळली. मीना संध्याकाळी घरी आली तेव्हा सगळं संपलं होतं. मायक्रोवेव्हचं दार उघडं होतं आणि जेवण तसंच आत होतं.

दहावा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर केला. पिंड ठेवला आणि आम्ही बाजूला सरलो.

कावळे होते. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते…

एकही खाली उतरला नाही.

कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय असं धरतात. मग घरचे हात जोडून एकेक गोष्ट कबूल करतात. मीनाचे काका म्हणाले, पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ. कोणी म्हणालं, गावचं घर विकणार नाही. कावळे जागेवरच.

मग मीना पुढे झाली. तिने हात जोडले.

"आई, तुला एकटीला टाकून मी कामाला जात होते. सोडते मी नोकरी."

तरीही नाही.

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण चारचौघांत काय म्हणणार? आत्या, तुझ्या मायक्रोवेव्हची मोटर बसवतो? लोक हसले असते. आणि कोणीतरी नक्की विचारलं असतं, का रे, मोटर मिळाली होती का तुला?

मी तोंडाला कुलूप लावलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मीनाने खरोखर राजीनामा दिला.

पुढच्या गुरुवारी मी मोटर घेऊन तिच्याकडे गेलो. गुपचूप बसवून टाकली की सुटलो, असा माझा हिशोब. सहज आलोय म्हणालो. मीनाचं डोकं दुखत होतं, ती आत जाऊन पडली.

मी प्लग काढला. काचेची ताटली खालच्या चाकांच्या रिंगसकट ओट्यावर ठेवली. तिच्या कडेला हळदीचा डाग होता, माझ्या बाजूला. मायक्रोवेव्ह आडवा केला, तळाचा पत्रा उघडला, वायरी सोडवल्या. जुनी मोटर माझ्या हातात आली.

तेवढ्यात आवाज आला…

काच सरकल्याचा.

ओट्याकडे पाहिलं. हळदीचा डाग आता भिंतीकडे होता.

माझाच धक्का लागला असेल म्हटलं. पंखा बंद होता. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तोही गप्प झाला. मी हात मागे बांधून बघत उभा राहिलो. दहा सेकंद. वीस. तीस…

ताटली फिरली.

अर्धीच. डाग परत माझ्याकडे आला.

पुन्हा शांतता. पुन्हा अर्धं मिनिट. पुन्हा…

मोटरवर ताटली एका गतीने फिरते. ही थरथरत, अडखळत फिरत होती. कापऱ्या हाताने कोणी फिरवावी तशी.

खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी लाज वाटली. मान वर करवेना.

मागून मीनाचा आवाज आला. "दादा, पार्ट आला?"

ताटली जागच्या जागी थांबली…

माझं उत्तर ऐकायला थांबल्यासारखी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मीना, तुझं काही चुकलं नाही, चुकलं माझं. एवढंच तर बोलायचं होतं.

मी म्हणालो, "हो गं. आजच आला."

मीनाने डोळे पुसले. "आई म्हणायचीच. त्याच्या मागे लागू नको, पार्ट हातात आला की माझा मह्या धावत येईल."

त्यानंतर मोटर बसवताना माझ्या हातून स्क्रू तीनदा खाली पडला.

मायक्रोवेव्ह आता व्यवस्थित चालतो. मीना घरातच असते. कंपनीने तिला दोनदा परत बोलावलं, ती गेली नाही. आईला आपण मारलं, असंच तिच्या मनाने घेतलंय. माझ्या एका वाक्याने ती सुटेल, हे मला कळतं.

म्हणून मी दर गुरुवारी सांगायचं ठरवून जातो. आम्ही हॉलमध्ये बोलत बसतो. स्वयंपाकघरात कोणीही नसतं…

आतून काच सरकते. थांबते. अर्ध्या मिनिटाने परत सरकते. मीनाला ऐकू येत नाही. मी उठून निघेपर्यंत ते थांबत नाही.

कालही गेलो होतो. मीनाने आग्रह करून जेवायला वाढलं. जेवलो, हात धुतले आणि काही न बोलता घरी आलो.